उरलेल्या गोळ्या आणि पुतळाचे मासे

३ मार्च १९८३
ही डायरी पुतळाची, माझ्या बायकोची. आमच्या फॅक्टरीला बेल्ट पुरवणाऱ्या कंपनीने नवीन वर्षाला मला दिली, मी तिला दिली. जानेवारीच्या पानांवर तिने माशांचा खुराक लिहिला आहे. पेंड किती, कोंडा किती, पाणी कसं दिसतं. शेवटची नोंद २९ जानेवारीची आहे: 'कोंडा संपला, आणणे.' ३१ तारखेला ती गेली. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले.
कोंडा मी काल आणला. मी सातपूरला एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. माल आला की नोंद करावी लागते. म्हणून लिहिलं.

५ मार्च
तळ्याबद्दल तिने कुठे लिहिलेलं नाही, तिला माहीतच होतं. सातपूरचे रस्ते झाले तेव्हा आमच्या गावाच्या कडेचा मुरूम उचलला. खड्डा राहिला, त्यात पाणी साचलं. पुतळाने तो ग्रामपंचायतीकडून दोन वर्षांसाठी घेतला आणि गेल्या ऑगस्टमध्ये त्यात कटला, रोहू, मृगळ यांची बोटाएवढी चारशे पिल्लं सोडली. मला तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मासा ताटात येतो एवढीच मला माहिती.

११ मार्च
लोक अजून दुखवट्याला येतात. बसतात. मला बोलायला सुचत नाही, त्यांनाही सुचत नाही. दुखवट्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, त्यामुळे माणूस गेल्याचं कळत नाही. आज चुलत्यांसाठी चहा करून बाहेर आणला तर खाट रिकामी. दोन्ही कप मी प्यालो.

२७ मार्च
मत्स्य खात्याचे यादव साहेब आले. जाळं टाकलं. मासे पाऊण किलोपर्यंत आहेत. म्हणाले, "वहिनींनी छान केलंय. मेमध्ये काढून टाका. पाणी आटलं की गर्दी होईल, मग रोग येतो."
मी म्हणालो, बघू.
शेजारच्या शकुबाई काठावर उभ्या होत्या. त्या पुतळाच्या जिवाभावाच्या. म्हणाल्या, "पुतळानं गावाला शब्द दिला व्हता भाऊजी, घरटी एक मासा. लक्षात हाय ना?"
मी म्हणालो, किलोचा होऊ द्या.

८ मे
किलोचे झाले. सव्वा किलोचेही आहेत. पण व्यापाऱ्याकडे दीड किलोच्या माशाला मागणी असते असं कुठेतरी ऐकलं आहे. थांबलेलं बरं.
संध्याकाळी शिफ्टवरून आलो की काठावर जातो. पुतळा त्यांना हाका मारायची. मी नुसता उभा राहतो. तरी येतात.

२१ मे
पाणी कमरेइतकं राहिलं. चार मासे मेले. अंगावर लाल चट्टे, खवले उभे राहिलेले. सायकलवर यादव साहेबांकडे गेलो. म्हणाले, "निम्मे काढा, चुना टाका."
चुना टाकला.

२३ मे
चिमाजी आमच्या फॅक्टरीत टर्नर आहे. दुपारच्या सुट्टीत त्याने विचारलं, तोंड का उतरलंय. मी मासे म्हणालो.
"चट्टे हायेत? पू हाय?"
"आहे."
"मग सोपं हाय की. मला मानेला गळू झालं व्हतं तवा विम्याच्या दवाखान्यानं लाल-काळ्या कॅप्सुला दिल्या. आठ दिवसांच्या. चार दिवसांत गळू गायब! उरलेल्या घरी पडल्यात. उद्या आणतो."
"माशांना चालतील?"
"मला चालल्या ना? मासा काय माझ्यापेक्षा नाजूक हाय?"

२ जून
चालल्या. कॅप्सूल उघडून पूड पेंडीत मळली, गोळे करून टाकले. चिमाजीच्या दहा आणि त्याच्या मेहुण्याच्या सहा. चट्टे सुकले. आठ दिवसांत एकही मासा मेला नाही. यादव साहेबांना सांगितलं नाही. ते विचारायला आले नाहीत.

६ जून
चिमाजीने कँटीनमध्ये सांगितलं. कँटीनमध्ये सांगितलेलं तीन शिफ्टमध्ये पोचतं. आता लोक रिकाम्या हाताने येत नाहीत. दुखवट्याला साखर किंवा भाजी आणावी तसं गोळ्या आणतात. "पुतळाबाईच्या माशांसाठी" असं म्हणतात आणि मग बोलतातही. कुणाला टायफॉईड झाला होता, कुणाचा कान वाहत होता, कुणाच्या मुलीला खोकला. एरवी तासभर खाली बघून बसणारा माणूस स्वतःच्या मूळव्याधीवर अर्धा तास बोलला. मला ऐकायला बरं वाटलं.
गावात एकाही घरात डॉक्टरने दिलेल्या सगळ्या गोळ्या कुणी संपवलेल्या नाहीत, हे मला नवीन होतं. बरं वाटलं की थांबतात आणि उरलेल्या पुढच्या वेळेसाठी फडताळात ठेवतात. आता ती पुढची वेळ माझ्या माशांची.

१९ जून
गोळ्यांची नावं मला कळत नाहीत, काहींचं पाकीटही नाही. रंगाप्रमाणे डबे केले: लाल-काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या मोठ्या, पांढऱ्या बारीक. प्रत्येक डब्याला स्टोअरसारखं कार्ड लावलं. आवक, जावक, शिल्लक. नियमही तेच. जो माल आधी आला तो आधी द्यायचा. आणि शिल्लक कधी शून्यावर येऊ द्यायची नाही. किमान शिल्लक वीस ठेवली आहे. साठा वीसच्या जवळ आला की देणं निम्मं करायचं. बारा वर्षांत माझ्या स्टोअरमधून कुठलं मशीन मालावाचून बंद पडलेलं नाही.
गावातल्या पुंजाच्या सुनेने दिलेल्या बारीक गोळ्या शकुबाईंनी ओळखल्या. त्या कुटुंब नियोजनाच्या निघाल्या. तोपर्यंत सात गेल्या होत्या.
शकुबाई म्हणाल्या, "बरं झालं. तळ्यात आधीच लय गर्दी हाय."

२६ जून
काल रात्री भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आज कुणी माशांचं विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही की दोन मासे पुन्हा लाल झाले आहेत.

१४ ऑगस्ट
खड्डा भरला. यादव साहेब आले. मासे दोन किलोच्या वर. "भिमाजीराव, आता कशाची वाट बघताय?"
मी म्हणालो, पावसात जाळं नीट पडत नाही.
ते म्हणाले, "मी पंधरा वर्षं पावसातच जाळी टाकतोय."
मी म्हणालो, दिवाळीला बघू. ते छत्री उघडून गेले.

२ सप्टेंबर
चट्टे आले की गोळ्या देतो. चार दिवसांत उतार पडतो, मग साठा वाचवण्यासाठी थांबवतो. पूर्वी महिनाभर बरं राहायचं. आता आठवड्यात पुन्हा चट्टे. माल जुना झाला असावा.
आज झुंबरबाई आल्या आणि काठावर उभ्या राहून विचारू लागल्या, "आमच्या यांच्या टायफॉईडच्या गोळीचा मासा कंचा?" मी एक मोठा रोहू दाखवला. खोटं बोललो, पण त्यांना फार आनंद झाला. त्यांनी त्याला हात जोडले.

१६ ऑक्टोबर
लाल-काळ्या चालत नाहीत. पिवळ्या चालत नाहीत. चिमाजी म्हणाला, सगळ्या एकत्र दे, कुठली ना कुठली लागू पडेल. चारही डब्यांतून मूठमूठ घेऊन मळल्या. पेंड गुलाबी झाली. रोज दोन-तीन मासे मरतात. पाणी भरपूर असताना का मरतात कळत नाही.
शकुबाई काठावर आल्या. मेलेला मासा काठीने उलटा केला.
"भाऊजी, अडीच किलोचा झाला. म्हैस व्हायची वाट बघताय का?"
मी म्हणालो, आजार थांबला की काढू.
"काढत नाय म्हणून आजार थांबत नाय. साहेब काय म्हनले व्हते?"
मी मेलेला मासा उचलून टोपलीत टाकला.
"पुतळाचे मासे हायेत, मला काय कळत नाय का," असं म्हणून त्या गेल्या. त्यांना काय कळतं ते त्या बोलल्या नाहीत.

२२ नोव्हेंबर
मेलेले मासे काढायला पाण्यात उतरलो. शिंपल्यावर पाय पडला. टाचेला चीर गेली. हळद भरली.

२५ नोव्हेंबर
पाय पोटरीपर्यंत सुजला. लाल चट्टा. फॅक्टरीत चिमाजीने तो पाहिला. "भिमाजी, हा तर आपल्या माशांवानी दिसतोय," असं म्हणाला आणि मग त्याचं हसू गेलं. त्याने खिशातून दोन लाल-काळ्या काढून दिल्या. माशांसाठी आणलेल्या होत्या. मी घेतल्या.

२८ नोव्हेंबर
नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात आहे. ताप. चिमाजीने पोचवलं. येताना त्याने वाटेतल्या प्रत्येकाला सांगितलं की मला माशांचा रोग झाला आहे.

१ डिसेंबर
चार दिवस गोळ्या झाल्या, उतार नाही. डॉक्टरबाई तरुण आहेत. त्यांनी जखमेतला पू नळीत घेतला. सांगितलं, सूज गुडघ्याच्या वर गेली तर पायाचा विचार करावा लागेल. म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.
मनात आलं की पाय गेला तर तळ्यावर कसं जायचं. मग आलं की मी तळ्यावर जातोच कशाला. हा प्रश्न आधी पडला नव्हता.

४ डिसेंबर
डॉक्टरबाई एक काचेची बशी घेऊन आल्या. त्यात माझ्या जखमेतल्या जंतूंच्या थरावर कागदाच्या बारीक टिकल्या ठेवलेल्या. प्रत्येक टिकलीला एक औषध लावलेलं. म्हणाल्या, औषध लागू असेल तर टिकलीभोवती स्वच्छ रिंगण पडतं. सहा टिकल्या होत्या. पाचांभोवती काही नाही, टिकलीला चिकटून जंतू वाढले होते. फक्त एकीभोवती रिंगण होतं, तेही लहान.
"याआधी तुम्ही कुठली औषधं घेतलीत?"
"कुठलीच नाही. चिमाजीच्या दोन सोडून."
"दोन गोळ्यांनी हे होत नाही. लहानपणापासून?"
"आमच्या घरी हळदच लावत."
"मग हे जंतू कुणी तयार केले?"
खोटं बोलायला सुचलं नाही. म्हणालो, "माशांनी."
त्यांनी खुर्ची ओढली. मी सगळं सांगितलं. डबे, कार्डं, आधी आलेला माल आधी, किमान शिल्लक वीस, साठा वाचवायला निम्मं देणं. इतकं मी वर्षभरात कुणाशी बोललो नव्हतो. कुटुंब नियोजनाच्या गोळ्यांपाशी त्यांनी तोंडाला रुमाल लावला. पण शेवटी त्या हसत नव्हत्या.
म्हणाल्या, "भिमाजी, थोडं औषध दिलं की दुबळे जंतू मरतात आणि दांडगे राहतात. पुढची सगळी वाढ दांडग्यांची. तुम्ही सहा महिने निवडून निवडून दांडगे पोसलेत."
मला एकदम समजलं. आमच्या फॅक्टरीत तीन वर्षांपूर्वी मॅनेजरने थोडी थोडी माणसं कमी केली. गरीब स्वभावाची होती ती गेली. उरली ती सगळी युनियनची. त्यानंतर मॅनेजरचं कुणी ऐकत नाही.
हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगदी तसंच."
उरलेल्या एका टिकलीची इंजेक्शनं सुरू केली.

९ डिसेंबर
सूज उतरते आहे. पाय राहणार. इंजेक्शनं ठरलेले सगळे दिवस घ्यायची आहेत, बरं वाटलं तरी. शेजारच्या खाटेवरचा भिकन नावाचा म्हातारा आज ताप उतरला म्हणून गोळ्या उशाखाली ठेवत होता. मी त्याला म्हणालो, बाबा, गिळा. तो म्हणाला, घरी लागतील. मी म्हणालो, गिळा, मी बघतोय. त्याने गिळली. मी दुसऱ्या माणसाला असं कधी बोललो नव्हतो.

१७ डिसेंबर
घरी आलो. डॉक्टरबाईंच्या सांगण्याप्रमाणे चारही डबे चिमाजीबरोबर त्यांच्याकडे पोचते केले. मातीत पुरायचे नाहीत, पाण्यात टाकायचे नाहीत. चिमाजी म्हणाला, कार्डं पण द्यायची का? दिली. शिल्लक बरोबर होती.

२३ डिसेंबर
गोळ्या बंद. काल सात मासे मेले, आज नऊ. काठावर खड्डा करून चुन्यात पुरतो. चिमाजी संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या खिशात काहीतरी होतं. मी हात पुढे केला. त्याने काढून दिलं. खोकल्याच्या चार गोळ्या.
"शेवटचा डाव म्हटलं," तो म्हणाला.

२ जानेवारी १९८४
यादव साहेब आले. मी सगळं सांगितलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते तळ्याला एक फेरी मारून आले. म्हणाले, "औषध एकच आहे. थोडे दिवस थांबा, आजारी मरू द्या. मग राहिलेले सगळे काढा. पाणी पडीक रानात उपसायचं, नाल्याला नाही, आणि तिथे त्यात ब्लीचिंग टाकायचं. तळ उन्हात भेगा पडेपर्यंत वाळवा, चुना मारा. पावसाळ्यात नवीन पिल्लं."
"राहिलेले चांगले मासे तिथेच ठेवले तर?"
"तर रोग तिथेच राहील. आणि पुढच्या वेळी पाय तुमचा नसेल. इथे गावातल्या बाया कपडे धुतात."
मी म्हणालो, विचार करतो.
"काय विचार करणार?"
ते सांगता आलं नाही.

३ जानेवारी
काय विचार करायचा ते लिहून बघतो. हे मासे तिने सोडले. तिच्या हाताने सोडलेलं जिवंत असं दुसरं काही नाही. ते काढले की तळं रिकामं. एवढंच आहे. लिहिल्यावर फार थोडं दिसतं.

८ जानेवारी
काल शकुबाईंची नात तळ्यावर खेळताना पाण्यात उतरली. काही झालं नाही, पायाला जखम नव्हती. शकुबाई मला काही बोलल्या नाहीत. त्या न बोलता गेल्या हे मी पहिल्यांदा पाहिलं.
रात्री झोप लागली नाही. सकाळी यादव साहेबांना निरोप पाठवला, काढायचे.

५ फेब्रुवारी
रविवार. दीड महिन्यात गोळीचा कण नाही. गेले पंधरा दिवस एकही मासा मेलेला नाही. डिझेल इंजिन दोन दिवस पाणी पडीक रानात उपसत होतं. सकाळी पाणी घोट्याला आलं तेव्हा मासे दिसले. चारशेपैकी त्र्याहत्तर. यादव साहेबांनी एकेक उलटा करून पाहिला. दोन चट्टेवाले निघाले, ते चुन्यात गेले. बाकी एकाहत्तर. "चांगले धुवा, चांगले शिजवा," असं त्यांनी तीनदा ओरडून सांगितलं.
गावात सत्तर घरं आहेत. शकुबाई चिखलात उभ्या राहून वाटत होत्या. "एका घराला एक! पुंजा, तुझी सून वेगळी राहती म्हणून तुला दोन नाय मिळायचे!" झुंबरबाईंना तो मोठा रोहू हवा होता. तो मेला होता. मी दुसरा दिला आणि हाच म्हणालो. शकुबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या घराला हाक मारली. चिमाजी आमच्या गावचा नाही, पण त्याने टोपलं आणलं होतं. यादव साहेबांनी त्याला माझ्या हिशोबातला एकाहत्तरावा दिला.
त्यामुळे माझ्या वाट्याला माझ्या घराचा एक. कटला, पावणेतीन किलो.

घरी आणला. एकाही भांड्यात मावेना. पातेल्यातून शेपूट बाहेर, परातीतून डोकं बाहेर. मी तो हातात धरून उभा होतो तेवढ्यात शकुबाई दारात आल्या.
"मेमध्ये काढला असता तर तव्यात मावला असता," त्या म्हणाल्या. "तुकडे करा की."
"कसे?"
"अरे देवा. विळी आना."
त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर बसून सांगत राहिल्या. खवले शेपटीकडून काढा. तिकडून नाय, तिकडून. आता पोट. पित्त फोडू नका. डोकं टाकू नका, डोक्यातच चव असते. आता हळद. मीठ. बास. बास म्हनलं ना!
तोवर मीठ पडलं होतं.
त्या गेल्यावर तिखट घातलं, झाकण ठेवलं, चांगलं शिजू दिलं. दुपारी दोन वाजता जेवायला बसलो. बाहेर रिकाम्या तळ्यावर ऊन पडलं होतं आणि गावात सगळीकडे एकच वास होता.
खारट झालं होतं. दोनदा वाढून घेतलं. वाढणारा मीच.